गाडीखाली डिझेल टपकतंय? लिकेज शोधायचं कसं आणि काढायचं कसं

सकाळी गाडी बाहेर काढली आणि जिथे उभी होती तिथे तेलकट ओला डाग दिसला की आपल्याकडे गोव्यात बहुतेकजण एकच करतात, पाना उचलतात आणि जो नट समोर दिसेल तो आवळत सुटतात. दोन दिवस बरं वाटतं, मग परत डाग. कधी आवळून आवळून बेंजो बोल्ट, म्हणजे पाईप जोडणारा आतून पोकळ बोल्ट, तोच तुटतो नाहीतर फिल्टर हेडचे आटे जातात, आणि एका वायसरवर भागणारं काम नवीन हेडवर जाऊन थांबतं. डिझेल लिकेजमध्ये पान्याचं काम शेवटी येतं, आधी शोधायचं काम असतं. गळती कधी होते ते आधी बघायचं, त्यावरून कुठे होते ते कळतं, आणि तेवढं कळलं की पुढची दुरुस्ती बरेचदा एखाद्या तासाची असते.

खाली लिहिलंय ते पिकअप, टेम्पो, छोटा ट्रक अशा धंद्याच्या डिझेल गाड्यांसाठी, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या आणि नव्या कॉमन रेलच्या (एकाच जाड नळीत प्रचंड प्रेशरने डिझेल भरून तिथून सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या) दोन्हींसाठी, फक्त कॉमन रेलमध्ये काही ठिकाणी हात लावायचा नाही ते त्या त्या जागी सांगतो. पेट्रोल गाडी असेल तर शोधायची पद्धत साधारण हीच, पण पेट्रोलची वाफ उणे चाळीस डिग्रीच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने तयारच असते. पेट्रोल टपकताना दिसलं तर गाडी स्टार्ट करूच नका, ढकलून मोकळ्यावर घ्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

आता कोणी म्हणेल डिझेल पेटत नाही, त्यात काय. आपल्या देशात डिझेलचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३५ डिग्री असला पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ३५ च्या खाली पेट घेईल एवढी वाफ धरत नाही. पण मे महिन्यात म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली किती तापतं ते हात घालून बघा, ३५ कधीच मागे पडलेलं असतं. आणि बारीक फवारा होऊन गरम टर्बोवर किंवा मॅनिफोल्डवर पडलं तर ठिणगीचीही गरज नाही.

गोव्यात पाईप एवढे का सडतात

ह्याचं उत्तर माहीत असलं की कुठे बघायचं ते अर्धं कळतं. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून मासळी भरणारी गाडी असेल तर क्रेटमधलं बर्फाचं पाणी, त्यात मीठ, मासळीचं रक्त, सगळं बॉडीच्या फळ्यांतून खाली चासीवर पडतं आणि तिथून डिझेलच्या पाईपवर. डिचोली, साखळी, कुडचडे भागातल्या टिप्परचं वेगळं दुखणं, लाल चिखल टाकीच्या पट्ट्याखाली जाऊन बसतो आणि पावसाळाभर ओलाच राहतो. चिरे आणि रेती मारणाऱ्या गाड्यांचंही तेच. फेरीबोटीच्या रँपवरून रोज जाणाऱ्यांना वर खाडीचं खारं पाणी. आणि ह्या सगळ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस.

लोखंडी पाईप मोकळ्या जागी फारसा सडत नाही, तो सडतो क्लिपखाली. चासीला पाईप धरून ठेवणारी जी क्लिप असते तिच्या आत रबराची गादी असते, ती पाणी धरून ठेवते. बाहेरून रंग छान दिसतो, आत पाईप कागदाएवढा पातळ झालेला असतो. म्हणून गोव्यातल्या गाडीत मी आधी क्लिपा सोडतो, मग बाकीचं बघतो. क्लिप सोडतानाच पाईप मोडला तर वाईट वाटून घेऊ नका, तो घाटात मोडणार होता तो दारात मोडला.

दुसरी गोष्ट रबराची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चं डिझेल आलं, त्यात सल्फर १० पीपीएम, आधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले रबराला फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात, त्यामुळे जुन्या गाडीतल्या वर्षानुवर्षं बसलेल्या ओ रिंगा आक्रसून कडक होऊ शकतात आणि पाझरायला लागतात. पंधरा वर्षं जुना टेम्पो असेल आणि एकदम दोन-तीन ठिकाणी ओलं दिसत असेल तर रिंगांवर संशय घ्या.

हात लावायच्या आधी

गाडी सपाट, मोकळ्या, हवेशीर जागी लावा. शेडमध्ये दार बंद करून नको. हँडब्रेक, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड. बॅटरीची निगेटिव्ह काढा, म्हणजे जिथे इंजिन चालू करून बघायचं नाही त्या कामाला. हॅलोजनचा बल्ब वापरू नका, तो तापतो, एलईडी टॉर्च घ्या. आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलेंडर हाताशी, नसेल तर बादलीभर कोरडी रेती, पाणी नको, पाण्यावर डिझेल तरंगत पसरतं. विडी-सिगारेट बाजूच्या माणसाचीही नको.

गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विश्वास ठेवून जाऊ नका, चासीखाली स्टँड लावा. आणि आपल्याकडची एक सवय, चासीखाली चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, रचायचे. चिरा घर बांधायला ठीक, पण तो मऊ आणि भोकाभोकाचा असतो, एका कोपऱ्यावर वजन आलं की न सांगता फुटतो. चाकाला अडवायला चालेल, अंगावरची गाडी तोलायला कधीच नाही. स्टँड नसेल तर सागवानाचे किंवा फणसाचे जाड ओंडके आडवे-उभे रचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन चालू असताना हाय प्रेशरच्या पाईपवर बोट फिरवून लिकेज शोधायचं नाही. टायरमध्ये आपण ५० पीएसआय भरतो म्हणजे साधारण साडेतीन बार. कॉमन रेलमध्ये नुसत्या आयडलला अडीचशे-तीनशे बार असतं आणि लोडवर १६०० च्या वर जातं. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार डोळ्यांना दिसत नाही पण कातडीतून आत घुसते. लागताना सुई टोचल्यासारखं वाटतं, फार दुखतही नाही, आणि काही तासांत आतून बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) गाठायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की हाय प्रेशरचं डिझेल हातात गेलंय, कारण वरून जखम क्षुल्लक दिसते. जुन्या मेकॅनिकल पंपालाही नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) पाईपात दोनशे बारच्या आसपास असतं, तेही कातडी फोडायला पुरतं. शोधायचं असेल तर लांब पुठ्ठा धरा, जिथे ओला होईल तिथे समजा, आणि डोळ्यांना चष्मा.

आधी खात्री करा की हे डिझेलच आहे

खाली पांढरा पुठ्ठा किंवा जुना पेपर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी वास घ्या. डिझेलचा डाग पिवळसर, कागद पारदर्शक करतो, बोटाला गुळगुळीत लागतो आणि वास जात नाही. इंजिन ऑइल काळं आणि जाड. कूलंट चिकट, रंग हिरवा किंवा लाल. एसीचं पाणी तर वाळून जातं, डागच राहत नाही. मासळीच्या गाडीत गंमत अशी की सगळ्यालाच एक वास असतो, तेव्हा पेपरवर भरवसा ठेवा, नाकावर नको.

डाग गाडीच्या कुठल्या भागाखाली पडतो ते पेपरवर पेनाने लिहून ठेवा, पुढचं चाक कुठे, टाकी कुठे. पण थेंब जिथे पडतो तिथेच लिकेज आहे असं धरू नका. डिझेल पाईपच्या बाहेरून, वायरिंगवरून, चासीच्या कडेने चार-पाच फूट चालत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. गाडी धावत असताना वारा ते आणखी मागे फेकतो. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची.

किती गळतंय त्याचाही अंदाज घ्या. सेकंदाला एक थेंब, ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला तीन-चार लिटर जातं. टाकी दोनदा फुल करून किलोमीटरवरून ॲव्हरेज काढलं तर खिशातून किती जातंय ते कळेल.

कधी गळतंय ते विचारा

गाडी चालवणाऱ्याला विचारा, मेकॅनिकपेक्षा त्याला जास्त माहीत असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

पंपावर डिझेल भरतानाच खाली सांडतं आणि एरवी नाही, तर भरायचं तोंड आणि टाकी ह्यांच्यामधला जाड रबरी पाईप बघा, त्याला खालच्या बाजूने चीर गेलेली असते, वरून दिसत नाही. टाकी फुल असतानाच गळतं आणि पाव टाकी उतरली की थांबतं, तर टाकीच्या डोक्यावरचं फ्लोटचं (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाचं) गॅस्केट, रिटर्न पाईपचा (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणाऱ्या पाईपचा) जोड किंवा हवेची नळी. चोर्ला किंवा अनमोड घाट चढतानाच वास येतो, तर झाकणाचं रबर किंवा तीच हवेची नळी. आणि एक गळती अशी की ती गळतीच नाही, पहाटे टाकी काठोकाठ भरायची आणि गाडी उन्हात लावायची. डिझेल तापलं की फुगतं, ६० लिटरची टाकी १० डिग्रीने तापली तर साधारण अर्धा लिटर वाढतं, ते झाकणातून बाहेर येणारच. पेट्रोल पंपाची नोझल कट झाली की थांबा, पंपावरच्या पोराला ‘अजून घाल’ म्हणू नका.

गाडी रात्रभर उभी असताना टपकतं, चालू असताना नाही, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपापर्यंतचा) सक्शनचा भाग. इंजिन चालू असतानाच टपकतं आणि रेस केली की वाढतं, तर फीड पंपाच्या पुढचा प्रेशरचा भाग, म्हणजे फिल्टर, पंप, हाय प्रेशर पाईप. चालू असताना नोझलच्या डोक्याजवळ ओलं होतं, तर रिटर्नच्या बारीक नळ्या, ह्या उष्णतेने बिस्किटासारख्या कडक होऊन तडकतात आणि जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार हाच.

सक्शनच्या भागाचं एक विचित्र असतं, तिथे भोक पडलं तरी खाली थेंब पडेलच असं नाही. पंप खेचत असतो त्यामुळे डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. मग गाडी सकाळी दहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय स्टार्ट होत नाही, चढावर गुदमरते, आयडल वर-खाली होतं, आणि लोक नोझल काढून टेस्टिंगला देतात. फुकट खर्च.

आणि शेवटी, कुठेच गळत नाही पण डिझेल कमी होतंय आणि डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल वाढतेय. ऑइल पातळ, वास डिझेलचा. म्हणजे आत गळतंय, पंपाचं सील किंवा इंजेक्टर. बीएस-६ गाडीत डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा डिझेल मारलं जातं, सारखे छोटे फेरे मारणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहून थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, तेही कारण असू शकतं. कारण काहीही असो, लेव्हल खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवू नका. इंजिन आपलंच ऑइल जाळत सुटलं की चावी बंद करूनही थांबत नाही.

धुवा, सुकवा, पावडर मारा

संशय कुठल्या भागावर आहे ते ठरलं की तो भाग डिझेल-ब्रशने नाही, साबणाच्या पाण्याने धुवा. इंजिन गार असताना. प्रेशर वॉशर अल्टरनेटरवर, ईसीयूवर (इंजिनच्या कंप्युटरवर) आणि कनेक्टरवर मारू नका. हवा मारून नाहीतर फडक्याने पूर्ण कोरडं करा, मग त्यावर टाल्कम पावडर उडवा. डिझेलचा पाझर लागला की पावडर तिथेच करडी होते आणि बारीक रेघ वर बोट दाखवते. रांगोळी वापरू नका, ती दगडाची भुकटी आहे, फिल्टरच्या जोडात गेली तर नवीन दुखणं.

आता इंजिन चालू करा, पाच मिनिटं आयडल, बाजूला उभे राहून टॉर्चने बघा. मग कोणालातरी हळूहळू रेस करायला सांगा. मग बंद करून अर्धा तास थांबा आणि परत बघा, कारण काही जोड गरम असताना बसतात आणि गार होताना सोडतात.

सक्शनची हवा शोधायची असेल तर मेकॅनिकल पंपाच्या गाडीत सोपा उपाय, फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक डिझेल नळी लावा आणि बुडबुडे येतात का बघा. सतत बुडबुडे म्हणजे मागे कुठेतरी हवा घेतेय. अजून पक्कं करायचं तर स्वच्छ डिझेलचा कॅन घ्या, टाकीकडून येणारा पाईप सोडा आणि फीड पंपाला त्या कॅनमधून डिझेल द्या. गाडी कॅनवर नीट चालली तर दोष टाकी ते पंप ह्या पाईपातच आहे, इंजिनच्या बाजूला उगाच पाने लावू नका.

तो पाईप मग दोन्हीकडून सोडा, एक टोक बंद करा, दुसऱ्याला सायकलच्या पंपाने हळू हवा द्या आणि बाहेरून साबणाचा फेस लावा. फुगे येतील तिथे भोक. चार-पाच पीएसआय पुरतं. गॅरेजचा कॉम्प्रेसर थेट लावायचा नाही आणि टाकीला तर मुळीच नाही, पत्र्याची टाकी फुगून शिवणीत उघडते.

दुरुस्ती, सोप्याकडून अवघडाकडे

रबरी नळी. वाकवून बघा, चिरा दिसल्या किंवा टोकाला कडक झाली असेल तर बदला. जुन्या बाजारातली कुठलीही काळी नळी चालत नाही, पाण्याची नळी डिझेलमध्ये फुगून लापशी होते. डिझेल-पेट्रोलची नळी मागा, अंगावर एसएई जे३० असं छापलेलं असतं, त्यात आर७ ही कमी प्रेशरला आणि रिटर्नला, आर९ ही जास्त प्रेशर सोसणारी. आठ एमएमच्या पाईपला आठचीच नळी, सहाची ताणून बसवली की टोकाला फाटते आणि दहाची क्लिप आवळून बसवली की चुण्यांतून हवा घेते. पाईपवर कमीत कमी इंचभर चढली पाहिजे. स्क्रूची क्लिप लावत असाल तर रबर क्लिपच्या भोकांतून वर यायला लागलं की थांबा, पुढे नळी कापते.

लोखंडी पाईप. क्लिपखाली सडलेला निघाला तर खरं काम पूर्ण पाईप बदलायचं. कमी प्रेशरच्या भागात मधला सडका तुकडा काढून तिथे चांगली नळी लावता येते, पण काही अटी आहेत: कापायचं ते पाईप कटरने, हॅकसॉने नाही, कारण लोखंडाचा भुगा आत गेला की पंपाची वाट लागते, टोकांना फुगवटा काढून घ्यायचा म्हणजे नळी सटकत नाही, आणि सायलेन्सरपासून लांब. नव्या गाड्यांत नायलॉनचे पाईप आणि टिचकीने बसणारे कनेक्टर असतात, तिथे कापाकापी करू नका, पूर्ण तुकडा नवा आणा. पाईप बसवताना क्लिपच्या रबरी गाद्याही नव्या, जुन्या गाद्या म्हणजे जुनं मीठ.

फिल्टर. फिरवून बसवायचा फिल्टर बदलल्यावर लगेच गळायला लागला तर आधी बघा जुनी रबर रिंग हेडला चिकटून तर राहिली नाही ना. दोन रिंगा एकावर एक, हे सगळीकडे होतं. नवी रिंग डिझेलने ओली करा, हाताने टेकेपर्यंत आणि मग डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुतेकांना पाऊण फेरा. पट्ट्याने आवळायची गरज नाही. खालचा पाणी काढायचा प्लास्टिकचा स्क्रू, त्याची छोटी ओ रिंग पावसाळ्यात दर वेळी पाणी काढून काढून झिजते, ती वेगळी मिळते, पूर्ण फिल्टर कोणी गळ्यात मारू नये.

बेंजो बोल्ट. ह्याच्या दोन्ही बाजूला तांब्याचे वायसर असतात आणि सीलिंग तेच करतात, आटे नाही. एकदा दाबलेला वायसर कडक होतो, परत तोच लावून जोर लावला की बोल्ट तुटतो. नवे वायसर लावा, किमतीला काही नाहीत. आडगावात मिळालेच नाहीत तर जुना वायसर चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, पॉलिश पेपरने सपाट करा, तांबं परत मऊ होतं. हे तापवायचं काम गाडीपासून लांब, घरात चुलीवर करा. टेफ्लॉन टेप इथे लावायची नाही. टेपचे तुकडे सुटून आत जातात आणि नोझलच्या तोंडाशी अडकतात, आणि मुळात आट्यातून सीलिंग होतच नाही तर टेपचा उपयोग काय.

फ्लोटचं गॅस्केट. टाकी अर्ध्याच्या खाली आणा, वरची माती आधी पूर्ण झाडा आणि पुसा, नाहीतर उघडल्या उघडल्या सगळी आत. नवं गॅस्केट लावा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. बाजारातला साधा सिलिकॉन लावणारे भेटतील, डिझेलमध्ये तो काही दिवसांत फुगून सुटतो आणि सक्शन जाळीवर जाऊन बसतो.

टाकी. पट्ट्याखाली सडली असेल तर उतरवल्याशिवाय कळत नाही. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ असते. ‘पात्रांव (मालक), धुतली आहे, दोन टाके मारतो’ असं म्हणणाऱ्या वेल्डरकडे टाकी देऊ नका. डिझेल पत्र्याच्या सांध्यात लपून बसतं आणि आच लागली की वाफ होऊन बाहेर येतं. जे लोक टाक्या-रेडिएटरचंच काम करतात ते वाफेने धुऊन, हवेची जागा पाण्याने भरून करतात, त्यांच्याकडेच द्या. पत्रा दोन-तीन ठिकाणी टोचला जात असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, चांगली टाकी बघा. परत बसवताना पट्ट्याखाली नवं रबर.

हाय प्रेशर पाईप आणि पंप. जुन्या मेकॅनिकल गाडीत नोझलचा नट पाझरत असेल तर सैल करा, टोक बघा, कचरा असेल तर पुसा, सरळ बसवून मापात आवळा. तिरका बसलेला पाईप आवळून सरळ होत नाही. पंपाच्या बॉडीतून, शाफ्टजवळून गळत असेल तर उतरवून पंपवाल्याकडे, टायमिंगची खूण करून. कॉमन रेलच्या गाडीत मात्र इथे थांबा. ते पाईप बऱ्याच गाड्यांत एकदा सोडले की नवेच लावायचे असतात, आत धुळीचा कण गेला तरी इंजेक्टर जातो, आणि इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ प्रेशर राहतं. पुठ्ठ्याने जागा शोधा, फोटो काढा, डिझेलच्या वर्कशॉपमध्ये दाखवा.

एअर काढायची

पाईप सोडला म्हणजे हवा गेलीच. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा, हँड प्रायमर (डिझेल चढवायचा हाताचा छोटा पंप) मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. पंप मारता मारताच स्क्रू बंद करा. पंपावरही एअर स्क्रू असेल तर तिथेही तेच. तरी स्टार्ट नाही झाली तर दोन नोझलचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, थेंब यायला लागले की आवळायचे, चेहरा लांब ठेवून. कॉमन रेलला हे नोझल सैल करायचं काम बिलकुल नाही, तिथे प्रायमर कडक होईपर्यंत दाबा किंवा चावी चार-पाच वेळा ऑन करून थोडं थोडं थांबा, टाकीतला इलेक्ट्रिक पंप असेल तर तो भरून घेतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदाच्या वर नको, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर लिकेज राहिलं बाजूला आणि सेल्फ जळाला.

चालू झाल्यावर परत सगळं पुसा, परत पावडर, परत अर्धा तास. मग एक फेरा भरलेल्या गाडीने मारा, रिकाम्या गाडीत चासी तेवढी मुरडत नाही. दोन-तीन दिवसांनी क्लिपा एकदा तपासा, नवी नळी बसते आणि क्लिप थोडी सैल होते. मासळीची गाडी असेल तर प्रत्येक फेऱ्यानंतर चासी गोड्या पाण्याने, पाईप आणि टाकीचे पट्टे धरून. महिन्यातून एकदा नाही, रोज.

सांडलेलं डिझेल गटारात ढकलू नका. आपली जमीन चिऱ्याची, पाणी झटकन मुरतं आणि विहीर पंचवीस पावलांवर असते. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून उचला. रस्त्यावर सांडलं असेल तर तेही झाका, पहिल्या पावसात डिझेलवर स्कूटरवाला कसा उडतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

रस्त्यात गळायला लागलं तर

गाडीत एवढं ठेवा: आपल्या गाडीच्या मापाची हातभर डिझेल नळी, चार क्लिपा, तांब्याचे वायसर, एम-सील, कपडे धुवायचा साबण, पाने, पुठ्ठा. टाकीला बारीक भोक पडलं तर साबण ओला न करता दाबून घासा, डिझेलमध्ये साबण विरघळत नाही म्हणून भोक बुजतं. पण पाऊस असेल तर बाहेरून धुऊन जातो, तेव्हा वरून चिंधी आणि ट्यूबची पट्टी बांधा. एम-सील तेलकट पत्र्यावर धरत नाही, आधी डिझेल भोकाच्या खाली आणा, पत्रा खरवडून कोरडा करा, मग लावा आणि कडक होईपर्यंत थांबा. रबरी नळी टोकाला फाटली असेल आणि लांबी असेल तर इंचभर कापून परत चढवा. रिटर्नची बारीक नळी तुटली तर तिला गाठ मारून चालवू नका, रिटर्न बंद झाला की दुसरीकडून फुटतं, टोक कॅनमध्ये सोडा आणि जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जा.

हाय प्रेशर पाईपला मात्र रस्त्यात काहीच करता येत नाही. इंजिन बंद करा, त्रिकोण लावा, टोइंगला फोन करा. धूर किंवा ज्वाळा दिसली तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडकते, फटीतून पावडर मारा, माणसं लांब करा आणि १०१ लावा. साबण किंवा एम-सीलवर घरी पोचलेली गाडी परत भाड्याला काढण्याआधी टाकी उतरवायची, आणि आत पडलेला साबणाचा चुरा धुऊन काढून फिल्टरही नवा लावायचा, नाहीतर तो चुरा जाळीला लागून गाडी पुढच्या फेऱ्यात चोर्ल्याच्या चढावर गुदमरते.